पिवळे क्रोकस

आयर्लंडमध्ये थंडी सुरू होण्याआधी, पाने गळत असताना, शाळेतली मुले क्रोकसचे कंद मातीत लावतात. हे केशराच्याच कुळातले फूल. नाझी काळात मारल्या गेलेल्या १५ लाख ज्यू मुलांची ही आठवण. म्हणून फुले पिवळीच, युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना कपड्यांवर लावाव्या लागलेल्या ताऱ्याच्या रंगाची. होलोकॉस्ट एज्युकेशन आयर्लंड ही संस्था शाळांना कंद देते. फुले उमलतात जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. २७ जानेवारी, आउश्वित्झच्या सुटकेचा स्मृतिदिन, त्याच सुमारास असतो.

आपल्यात माणूस गेला की सात दिवस शोक पाळतात, पुढे दर वर्षी त्याच तिथीला कद्दिश म्हणतात. त्या मुलांपैकी कितीतरी जणांना ना कबर, ना तिथी; कद्दिश म्हणायला घरचेही कोणी उरले नाही. कंदाने निदान एक जागा आणि एक ऋतू दिला.

तू बिश्वात, झाडांचे नववर्ष, साधारण याच दिवसांत येते. तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. पोहे, ओला नारळ, फळे. ताटातही झाडांचाच मान.

कृती: थोरांनी घरातल्या गेलेल्या एका माणसाचे आवडते झाड सांगावे. मुलांनी त्याचे चित्र काढून, आपल्या कीर्तनातल्या पदांसारख्या चालीत म्हणता येतील अशा चार ओळी खाली लिहाव्यात. त्या माणसाचे नाव ओळींत आलेच पाहिजे.