आधी फरशी मोकळी कर

बेटा, सुरतेतल्या भेस्तानात बालवाडी काढतेस म्हणून फोनवर तू मला सामानाची यादी वाचून दाखवलीस. फळा, रंग, अक्षरांचे तक्ते, छोट्या खुर्च्या. यादी चांगली आहे. पण पहिला महिना त्यातलं काही आणू नकोस. खुर्च्या तर नकोतच. आधी फरशी मोकळी कर. तुझ्याकडे येणारं पोर तीन ते सहा वर्षांचं असेल, आणि त्याला सगळ्यात जास्त गरज आहे ती हातपाय पसरायच्या जागेची. लिहिण्याची घाई आयांना असते, ती मला ठाऊक आहे. त्यांना सांग की बोटं खांद्याच्या आधारानं चालतात. लटकून, ढकलून, रांगून ज्याचा खांदा घट्ट झाला नाही, ते पोर दोन ओळी गिरवली की पाटीवर डोकं टेकतं.

आपल्या घरांची तऱ्हा तू जाणतेस. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे लोक ताप्ती लाइनीनं उधन्याला उतरले आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान असे पसरले. एका खोलीत सगळा संसार. बाप सांचाखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची रातपाळी करून सकाळी येतो आणि दिवसा झोपतो. आई दाराशी साड्यांचा गठ्ठा घेऊन धागे कापते, टिकल्या चिकटवते. अशा घरात पोराला दिवसभर एकच ऐकू येतं, गप बस, पप्पा झोपलेत. मग ते गप बसावं म्हणून हातात मोबाइल. ही पोरं तुझ्याकडे येतील तेव्हा कोणी जिना चढताना अडखळेल, कोणी उडी मारायला घाबरेल. त्यांना आळशी किंवा मंद म्हणायचं नाही. त्यांना हलायलाच मिळालेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आकडे दिले, ते वहीत लिहून ठेव. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली 60 मिनिटं धाप लागेल अशी असावीत. झोप 10 ते 13 तास, आणि स्क्रीन फार तर एक तास. 180 ऐकून घाबरू नकोस, ती एका दमात करायची नसतात. पाच मिनिटं इथली, दहा तिथली, गोष्ट ऐकतानाही उठून बेडूक झालं तर तीही मोजायची. तुझ्याकडे मूल तीन तास असणार, म्हणजे निम्मा हिशेब तरी तुझ्या खोलीत पुरा झाला पाहिजे.

उरलेला निम्मा घरी. तिथे आईला उपदेश करू नकोस, तिला आवाज न होणारे खेळ दे. फरशीच्या रेषेवरून पावलाला पाऊल लावत चालणं. झोपलेल्या बापाच्या खाटेखालून मांजरासारखं सरपटत जाणं, आणि बाप जागा झाला तर परत पहिल्यापासून. दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलणं. उकिडवं बसून वाट्या मोठ्याकडून लहान अशा लावणं. दोन हातांत पाण्यानं भरलेला तांब्या धरून मोरीपासून दारापर्यंत न सांडता जाणं. यात तोल आहे, कंबर आहे, पकड आहे, आणि कोणाची झोप मोडत नाही. मी शिकवत होते तेव्हा आयांनी सगळ्यात मनापासून धरलेली गोष्ट हीच, कारण त्यातून घरातलं कामही होतं.

आता चेंडूचं नीट ऐक, कारण नवीन बाई इथे नेहमी उलटी सुरुवात करते. ती बाजारातून रबरी चेंडू आणते. तो उसळतो, पोराच्या नाकावर बसतो, आणि पुढच्या वेळी चेंडू येताना दिसला की पोर डोळे मिटून मान वळवतं. मग झेल कुठून येणार? सुरतेत आहेस, कापडाला काय तोटा! जॉर्जेटची हातभर चिंधी घे. वर उडव. ती हळूहळू लहरत खाली येते आणि पोराची नजर तिच्याबरोबर उतरते. दोन्ही हातांनी पकडू दे, मग एका हातानं, मग डोक्यावर, मग पाठ वळवून परत फिरून. चिंधी जमली की फुगा. फुगा जमला की चिंध्या गच्च बांधून केलेला, नारळाएवढा मोठा चेंडू, अगदी जवळून, छातीच्या उंचीवर. लहान चेंडू सगळ्यांत शेवटी. बरीच मुलं चार वर्षांच्या आसपास मोठा चेंडू झेलायला लागतात. तीन वर्षांच्याच्या हातून सुटला तर ते त्याच्या वयाचंच आहे.

फेकायला शिकवताना ‘नीट फेक’ म्हणू नकोस. नीट म्हटलं की पोर हात आखडतं. ‘जोरात फेक, भिंतीला आवाज आला पाहिजे’ असं म्हण. जोर लावला की खांदा आपोआप मागे जातो, कंबर वळते. उजव्या हातानं फेकणारं पोर उजवाच पाय पुढे टाकेल. टाकू दे. पुढे पाच-सहा वर्षांचं झालं की डाव्या पायापुढे खडूनं एक पाऊल काढ आणि म्हण, फेकताना यावर पाय पडला पाहिजे. एवढंच. कोपर असं, मनगट तसं, हे सांगत बसलीस तर पोर चेंडूकडे बघायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघेल.

उडीचं तंत्र उतरण्यात आहे. एका पायरीवरून, त्याहून उंच नाही. खाली सतरंजीची जाड घडी घाल आणि ती सरकत नाही ना हे आधी स्वतः उभी राहून बघ. ‘उंदराला ऐकू येता कामा नये’ म्हण. आवाज होऊ द्यायचा नाही म्हटलं की गुडघे स्वतःहून वाकतात. लंगडीची घाई करू नकोस. दोन वर्षांपुढचं मूल दोन्ही पायांनी उडतं, तिसऱ्या वर्षी क्षणभर एका पायावर उभं राहतं, चार-पाचला एका पायावर चार उड्या मारतं. आलटून पालटून लंगडत पुढे जाणं पाच-सहाच्या अगोदर बहुतेकांना जमत नाही. कोणी दोन महिने अलीकडे, कोणी चार महिने पलीकडे. टिक्करची घरं आख, पण लहान पोरांना त्यात दोन्ही पायांनीच उडू दे.

खेळ निवडताना एक बघ, बाद झालेलं पोर कुठे जातं. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी बाहेर बसतं ते सगळ्यात संथ मूल, म्हणजे ज्याला खेळण्याची सगळ्यांत जास्त गरज तेच. म्हणून खुर्च्यांऐवजी पोती अंथर, पोती कमी कर, पोरं कमी करू नकोस. शेवटी एका पोत्यावर सगळी एकमेकांना धरून उभी राहतात. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये चुकलेल्यानं एक बेडूकउडी मारून खेळात परत यायचं. विषामृत मला फार आवडतो, त्यात अडकलेल्याला सोडवायला दुसरं पोर धावतं. इथल्या शेजारच्या गुजराती, उडिया, हिंदी बोलणाऱ्या मुलांनाही हे खेळ भाषेवाचून कळतात. त्यांचा थप्पो, आंधळो पाटो आपल्या पोरांकडून खेळून घे.

आणि शिक्षा म्हणून उठाबशा कधीही नाही. मैदानाला फेऱ्याही नाहीत. शरीर हलवणं म्हणजे अपमान, हे एकदा पोराच्या मनात बसलं की मोठेपणीही निघत नाही, मी अशी मोठी झालेली माणसं पाहिली आहेत. दंगा केला म्हणून खेळ बंद, हेही नको. दंगा करणाऱ्यालाच खेळ आधी द्यावा.

एखादा बाप येईल आणि म्हणेल, बाई, याला दंड शिकवा, मल्लखांबाला घालायचंय. हौस चांगली आहे. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, व्यायामाची आस आपल्या लोकांत जुनीच. त्याला नाही म्हणू नकोस. चार वर्षांच्याला खेकड्यासारखं उलटं चालू दे, अस्वलासारखं चार पायांवर खोलीभर फिरू दे, तू कमरेला धरून आडव्या गजाला लटकू दे. स्वतःचं वजन हातांवर पेलता आलं की पुढे वस्ताद भेटेल तेव्हा पोर तयार असेल.

साहित्याला पैसे नाहीत म्हणून अडू नकोस. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तुझ्याच लाइनीवर आहे, मुंबईला जाताना उंबरगाव गेलं की लगेच. महागडी माँटेसरी साधनं तिथे परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे घेतले. पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. तुझ्याकडे सुताच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या आहेत, त्या उभ्या करून चेंडूनं पाड, ओळीत ठेवून नागमोडी धाव. साडीच्या किनारीची दोरी आहे. आणि ज्या गल्लीतून पोर येत नाही, तिथे आठवड्यातून एकदा तूच खडू घेऊन जा. धागे कापणाऱ्या बायांसमोर टिक्कर आखलीस की त्या स्वतः दोन उड्या मारतील.

मुलींकडे जास्त लक्ष दे. पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवर लहान भाऊ असतो आणि ‘पाय जुळवून बस’ हे तिला रोज ऐकावं लागतं. आयांना सांग, फ्रॉकखाली लेगिंग घालून पाठवा, म्हणजे पोर उलटी लटकायला लाजणार नाही. आखाजीला आपल्याकडे झोका बांधतात, तो एका सणापुरता का? इमारतीखाली पक्का आडवा गज असेल तर दोर बांध, माणूस बसून तपासून घे आणि वर्षभर ठेव. नवरात्रात गरब्याची बे ताली घरोघरी चालते. टाळी आणि पाऊल एका ठेक्यात आणायला चार वर्षांच्याला त्याहून चांगला धडा नाही.

ऊन मात्र सांभाळ. लहान शरीर लवकर तापतं. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत, आणि पाणी खेळाच्या आधी, मध्ये, नंतर. आत अनवाणी, तापलेल्या सिमेंटवर कधीच नाही.

शेवटचं, आणि हे कुठल्याही खेळाहून मोठं. रोज पाहणारी तू आहेस, म्हणून काही गोष्टी आईच्याही आधी तुला दिसतील. जमिनीवरून उठताना पोर आपल्याच मांड्यांवर हात ठेवत ठेवत वर चढत असेल, पोटऱ्या भरदार दिसूनही त्याला जिना चढवत नसेल, तीन वर्षांनंतरही सारखं टाचा उचलून चालत असेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, किंवा काल जमत होतं ते आज जमेनासं झालं असेल, तर ‘मोठं झाल्यावर सुटेल’ म्हणून थांबू नकोस. आईवडिलांना बाजूला घे, बाकी बाया नसताना, हळू आवाजात काय पाहिलं तेवढंच सांग. रोगाचं नाव आपण घ्यायचं नाही. स्मीमेर किंवा नवी सिव्हिल हॉस्पिटल, तिथल्या मुलांच्या विभागात त्यांना पाठव, आणि कधीपासून, कशात अडतं हे एका कागदावर लिहून दे. बापाची पाळी बुडते म्हणून ते टाळतील. पाळी कधी पालटते ते विचारून दिवस तूच ठरव आणि आईला एकटीला जमणार नसेल तर तिच्यासोबत जा.