आधी निखारा, मग मसाला

अलिबाग

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

गच्चीवर ठेवायला झाकणाची गोल शेगडी घेतलीस आणि येत्या शनिवारी मैत्रिणींना जेवायलाही बोलावलंस, हे ताईकडून कळलं. फोनवर तू मसाले विचारलेस. ते पुढे लिहितोच, पण त्याआधी विस्तवाचं ऐक. मसाला थोडा फसला तर माणूस कांदा-लिंबू घेऊन निभावून नेतो. विस्तव फसला की बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं असं ताटात येतं आणि त्यावर इलाज उरत नाही. नवीन माणसाला धीर नसतो, तो जाळावरच भाजायला घेतो. भाजायचं ते निखाऱ्यावर. एवढं अंगवळणी पडलं की पाककृती कोणाचीही घे, ती जमेलच.

कोळसा वखारीतून लाकडी आण, मिळाला तर बाभळीचा. तो जड असतो, निखारा बराच वेळ धरतो. दगडी कोळसा चुकूनही नको, त्याचा धूर अन्नाला लागता कामा नये. दुकानात ब्रिकेट मिळतात, त्या एकसारख्या जळतात आणि चालतात. पण काडी लावताच पेटतात म्हणून विकतात त्या घेऊ नकोस. त्यांत पेटवणारं द्रव्य मुरवलेलं असतं आणि त्याचा वास थेट कोंबडीला लागतो. रॉकेलचंही तेच. पेट्रोल किंवा स्पिरिट तर शेगडीच्या आसपाससुद्धा नको. पोत्याच्या तळाचा चुरा बाजूला काढ, कारण तो मोठ्या तुकड्यांमधली हवा अडवतो.

पेटवायला दोन्ही तोंडांनी उघडा, खालच्या बाजूला भोकं असलेला पत्र्याचा उभा डबा मिळतो. तो घेच, पैसे वाया जाणार नाहीत. खाली तेलाचा हात लावलेले वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर डबाभर कोळसा. काडी लाव आणि त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पंख्याने वारा घालायची गरज नाही, डबाच हवा ओढतो. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखेची पांढुरकी साय धरते आणि मधून लाल दिसू लागतं. तोवर पाहुणे कितीही घाई करोत, जाळीवर काही ठेवायचं नाही. सुरुवातीचा तो दाट पांढरा धूर कडवट असतो. तो विरू दे.

निखारे शेगडीत ओतलेस की सगळीकडे सारखे पसरू नकोस. मी तुला शिकवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची म्हटली तर ही निवडेन. सगळे निखारे एका अंगाला ओढ आणि दुसरं अंग मोकळं ठेव. एका बाजूला कडक आच, दुसऱ्या बाजूला नुसती ऊब. मग काही करपायला लागलं तर गोंधळायचं कारण नाही, तुकडा उचलून मोकळ्या बाजूला सरकवायचा. चरबी ठिबकून भडका उडाला तरी तेच करायचं आणि झाकण टाकायचं. पाणी मारायचं नाही. पाण्याने राख उडून अन्नावर बसते आणि तापलेली चरबी अंगावर येते.

आच किती आहे ते हाताने कळतं. जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळहात धर. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद सोसवला तर मध्यम, आठ-दहा सेकंद राहिला तर मंद. खालची झडप उघडी ठेवलीस की हवा जाते आणि आच वाढते, मिटत आणलीस की उतरते. वरची झडप मात्र भाजताना पूर्ण बंद करू नकोस, निखारे गुदमरतात आणि धूर आतच कोंडतो.

ही झाकणाची गोल शेगडी १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने केली. तो काम करायचा त्या वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे धातूचे गोळे बनत. असाच गोळा मधोमध कापून त्याने खालचा भाग शेगडीला आणि वरचा झाकणाला वापरला. झाकणाचं महत्त्व मात्र आपल्या रायगडात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी भरतो आणि भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड गच्च बंद करतो. पाण्याचा थेंब घालत नाही. बाहेर पेंढा आणि गोवऱ्या जळतात, आत सगळं आपल्याच वाफेवर आणि पाल्याच्या वासात शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून लगेच उडालं की पोपटी झाली. तुझ्या शेगडीचं झाकणही तेच काम करतं. जाड तुकडा मोकळ्या बाजूला ठेवून झाकलास की चारही बाजूंनी तापतो. मात्र दर मिनिटाला झाकण उघडून बघायचं नाही, कोंडलेली ऊब निघून जाते.

आता पदार्थ. शनिवारच्या आधी एखाद्या संध्याकाळी फक्त भाज्या भाजून बघ. भरताचं वांगं थेट निखाऱ्यांवर, साल पूर्ण काळी पडून आतून लिबलिबीत होईपर्यंत. देठाजवळ सुरी सहज शिरली की झालं. टोचून घ्यायला विसरू नकोस, नाहीतर फुटतं. कणीस सोलून मध्यम आचेवर फिरवत राहा, मग लिंबू, तिखट, मीठ. पनीर घेतलंस तर जाड तुकडे, वरून तेल, कडक आचेवर एका बाजूला दोन मिनिटं आणि लगेच खाली. ते जास्त वेळ ठेवलं की रबरासारखं होतं.

चिकन टिक्क्यासाठी एक किलो मांडीचं बिनहाडाचं मांस घे. छातीचं नको. ते कोरडं असतं, दोन मिनिटं जास्त झाली की चोथा होतो आणि नवशिक्या हाताला ती दोन मिनिटं सांभाळता येत नाहीत. दीड इंचाचे सारखे तुकडे कर. सारखे यासाठी की सगळे एकाच वेळी व्हावेत. आधी त्यांना दोन चहाचे चमचे मीठ, एका लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास ठेव. मीठ मांसात उतरायला वेळ घेतं, म्हणून ते पहिलं. मग एक वाटी चक्का, दोन चमचे काश्मिरी मिरचीची पूड, चमचाभर गरम मसाला, दोन मोठे चमचे कोरडं भाजलेलं बेसन, दोन मोठे चमचे मोहरीचं तेल आणि चुरडलेली कसुरी मेथी. पातळ दही घेतलंस तर ते निखाऱ्यांवर गळतं, तुकडे भाजण्याऐवजी वाफवतात आणि मसाला सळईवरून ओघळतो. बेसन मसाला धरून ठेवतं, म्हणून ते वगळू नकोस. साखर किंवा मध आत घालायचा नाही, तो आधी करपतो. हवाच असेल तर शेवटच्या मिनिटाला वरून लाव. हे सगळं फ्रिजमध्ये चार-सहा तास. कोणी कच्ची पपई लावायला सांगेल. तिने मांस लवकर मऊ होतं हे खरं, पण जरा जास्त झाली की लगदा होतो, आणि मांडीच्या मांसाला तिची गरजच नसते.

सळ्या चपट्या किंवा चौकोनी घे. गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो, तू सळई उलटतेस आणि तुकडा तसाच राहतो. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजव. तुकड्यांमध्ये जरा फट ठेव. जाळी आधी चांगली तापू दे, तारेच्या ब्रशने घास, मग अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिच्यावरून फिरव. तुकडा ठेवल्यावर चिकटला तर ओढू नकोस. त्याला भाजू दे, खरपूस पापुद्रा धरला की आपोआप सुटतो. मध्यम ते कडक आचेवर उलटत-पालटत दहा-बारा मिनिटं, शेवटी लोण्याचा हात. हाडासकट तंगडी करायची तर आधी मोकळ्या बाजूला झाकून अर्धा-पाऊण तास आणि मगच निखाऱ्यांवर दोन-दोन मिनिटं रंग आणायला.

झालं का ते रंगावरून ठरवू नकोस. टोचायचा थर्मामीटर घे. सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस दिसले की कोंबडी खायला योग्य. खाली उतरवल्यावर पाच मिनिटं तशीच राहू दे, म्हणजे रस ताटात न सांडता आतच राहतो. आणि कच्च्या कोंबडीची परात, चिमटा, मुरवणाचा उरलेला मसाला यांतलं काहीही शिजलेल्या तुकड्यांना लागता कामा नये. ब्रशने वरून लावायचा मसाला आधीच वेगळा काढून ठेव.

माशात बांगडा घे. तो तेलकट असल्यामुळे आचेला टिकतो आणि खिशालाही परवडतो. पापलेट नाजूक, ते हात बसल्यावर. बांगडा घेताना डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालबुंद आणि अंग ताठ असलेला बघ, आणि तो बर्फात असलेलाच घे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात असं द्रव्य तयार होतं की खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि ते कितीही भाजलं तरी जात नाही. दोन्ही अंगांना तिरपे तीन काप दे. हळद, मीठ आणि आगळ लावून पंधरा मिनिटं, मग कापडाने टिपून कोरडा कर. नंतर लसूण, तिखट आणि थोडं तेल यांचं घट्ट वाटण कापांत भर. दुहेरी, मिटणारी जाळी घेतलीस तर उलटताना तुटत नाही. कडक आचेवर एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटू लागलं की काढ.

आता जरा कडक शब्दांत. पाऊस आला तरी शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणायची नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. विझत आलेली शेगडीही तितकीच वाईट. जवळ वाळूची बादली ठेव, ओढणी घेऊ नकोस, केस बांध. जेवणं झाली की दोन्ही झडपा मिटून झाकण लाव, हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. राख दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागली तरी आत निखारा असू शकतो. ती पत्र्याच्या डब्यात काढून ठेव, प्लॅस्टिकच्या कचऱ्यात नको. सोसायटीला गच्चीवर शेगडी चालते का, ते शनिवारच्या आधी विचारून घे.

बाबांबरोबर पांढऱ्या कांद्याची एक माळ पाठवली आहे. त्यातले आठ-दहा कांदे सालासकट निखाऱ्यांच्या कडेला ठेव आणि कोंबडी होईपर्यंत तिथेच राहू दे. साल काढून मीठ, लिंबू आणि कच्च्या तेलाचा थेंब. उरलेली माळ स्वयंपाकघरात वारा लागेल अशी टांग. मैत्रिणींपैकी कोणी मांसाहार करत नसेल तर तिचं पनीर आणि कणसं जाळी स्वच्छ असतानाच, सर्वांच्या आधी भाज, आणि तिच्यासाठी चिमटा वेगळा ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा