तरंगाकृती, श्रुती आणि जवारी

संगणकाकडून ध्वनी काढून घेणे म्हणजे त्याला अंकांची एक माळ पुरविणे होय. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी याच मार्गाने संगीत वाजवून घेतले. ध्वनिमुद्रणाच्या एका रूढ मानानुसार सेकंदाला ४४,१०० अंक लागतात. एका कंपनाची आकृती कोष्टकात मांडावी आणि ते कोष्टक आज्ञावलीने पुनःपुन्हा वाचावे, ही यातील सर्वांत सोपी रीत. या रीतीने तंबोरा वाजविता येईल काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

पहिली अडचण श्रुतीची. षड्ज २२० कंपनांचा धरल्यास एका कंपनाच्या वाट्याला सुमारे २००.४५ अंक येतात. अपूर्णांक सोडून २०० अंकांचे कोष्टक केले, तर स्वर २२०.५ वर जातो आणि अचूक षड्जाबरोबर वाजविताच दर दोन सेकंदांनी आवाजाचा एक चढउतार ऐकू येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ८१:८० ही प्रमाणश्रुती २२० वर अवघ्या पावणेतीन कंपनांचे अंतर देते. तेथे अर्ध्या कंपनाची चूक क्षम्य मानता येणार नाही. म्हणून कोष्टकातील स्थान अपूर्णांकासह जपून लगतच्या दोन अंकांमधील मूल्य प्रमाणाने काढावे लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्यांचा निस्पंद असतो ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. परंतु तंबोऱ्यात ते उमटतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. रुंद, किंचित बाकदार घोडी आणि तारेखाली सरकविलेला दोरा यांमुळे हे घडते. हीच जवारी. तिच्यात उपस्वरांचे बळ क्षणोक्षणी पालटते. एकच आकृती गिरविणारे कोष्टक सुरात असूनही निर्जीव वाटते, त्याचे कारण हेच. प्रत्येक उपस्वर स्वतंत्र निर्माण करून त्याचा उदय आणि लय वेगवेगळा ठरविला, तरच तंबोऱ्याचा आभास होतो.

मिरजेचा कारागीर घोडी घासून, दोरा सरकवून जे कानाने साधतो, ते आज्ञावलीत अंकांनी सांगावे लागते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात संहिता आणि पठण यांचा परिचित भेद आढळेल. संहिता स्थिर असते, पठण काळात घडते. तंबोऱ्याची ओळखही एका आकृतीत नसून तिच्या पालटण्यात आहे.