उचलीचें ओझें
अभ्यासपाठ. वाचावयाचा भाग : नहेम्या ५:१-१३

नहेम्याच्या काळीं दुष्काळ पडला, तेव्हां गरिबांनीं शेतें गहाण टाकिलीं आणि शेवटीं लेंकरेंही दास्यांत दिलीं. देणारे व घेणारे एकाच समाजाचे होते, हें या अध्यायांतील मोठें दुःख होय.

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत हीच गोष्ट निराळ्या रूपानें दिसते. ज्यांस जमीन नाहीं, किंवा थोडी कोरडवाहू आहे, अशीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मुकादम आगाऊ रक्कम देतो. तीस उचल म्हणतात. नवराबायको मिळून एक कोयता मानितात, एकट्यास अर्धाच. म्हणून मुलामुलींचीं लग्नें लवकर उरकण्याचा मोह होतो. लेंकरें बरोबर गेलीं तर शाळा बुडते. मागें राहिलीं तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. हंगामांत उचल फिटली नाहीं, तर पुढील वर्षाचे श्रमही आधींच विकले जातात.

यावरून आम्हांस दिसतें कीं, दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाची उणीव नव्हे. तें घर दुभंगतें, आणि ज्याचें देणें आहे त्यासमोर बोलण्याचें धैर्य हिरावून घेतें. नहेम्यानें मात्र सावकारांस सभेपुढें उभें केलें व शेतें परत देवविलीं. आपल्या देशांतही कर्जापायीं सक्तीनें राबविणें १९७६ च्या कायद्यानें बंद केलें आहे. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करितां येते.

प्रश्न :
१. आपल्या गावांतून किती कोयते गेले?
२. मागें राहिलेल्या मुलांस कोण सांभाळितो?
३. आजारपणासाठीं उचल घ्यावी लागूं नये, म्हणून मंडळीनें काय शिल्लक ठेवावें?