गोलाची भीती सोड, पावसाळ्याची धर

अगं, गोल टेबल घरीच करायचं म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आलाय तो गोल कापायच्या भीतीने ना? खरं सांगू का, ते त्यातलं सोपं काम आहे. काळजी करायचीच तर पावसाळ्याची कर.

पण आधी माप. जेवायला माणशी २ फूट कड लागते. ४ फूट व्यासाच्या टेबलाचा घेर साडेबारा फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे सहा जण बसतात आणि मधल्या आमटीच्या पातेल्यापर्यंत सगळ्यांचा हात पोचतो. खुर्च्या मागे सरकायला चहूबाजूंनी ३ फूट सोड. हॉलमध्ये एवढी जागा निघत नसेल तर साडेतीन फुटांचं कर, पाच जण आरामात जेवतील. उंची ३० इंच.

वखारीत जुन्या तुळयांचं सागवान मिळालं तर सोडू नकोस, ते कधीचंच वाळून बसलेलं असतं. फक्त आतले खिळे शोधून काढ, नाहीतर रंध्याचं पातं जाईल.

आता मुद्द्याचं. जुलैत तुझ्या बाल्कनीचं दार घट्ट बसतं ना? लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण बघ, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा खेळ रेषांना आडवा. म्हणून फळ्या कडेला कड लावून फेव्हिकॉलने पक्क्या जोड, पण खालच्या आडव्या पट्ट्यांना फेव्हिकॉलचा थेंबही लावायचा नाही. नुसते स्क्रू. पट्टीतलं मधलं भोक गोल ठेव आणि बाकीची पट्टीच्या लांबीकडे लांबट कर, म्हणजे फळ्या फुगल्या की स्क्रू बिचारे सरकतील. सुतार ‘एवढं कशाला ताई’ म्हणेल, तू ऐकू नकोस. जखडून टाकलेली फळी उन्हाळ्यात तडकते गं, आणि ती चीर मग बुजवून बुजत नाही. फळी १ इंच, पट्टी १ इंच असेल तर स्क्रू दीड इंचाचाच घे.

गोलाचं म्हणशील तर चांगली बाजू खाली घालून फळी पालथी ठेव. मधोमध बारीक खिळा ठोक, जेमतेम रुतेल एवढाच. एका पट्टीला २ फुटांच्या अंतरावर दोन भोकं पाड, एक खिळ्यात, दुसऱ्यात पेन्सिल, आणि फिरव. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे ढलप्या वरच्या बाजूला निघतात. पालथं कापलंस की चांगली बाजू शाबूत राहते. रेषेच्या सूतभर बाहेरून काप, उरलेलं पॉलिश पेपरने रेषेपर्यंत आण. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. घाई नको. तोंडाला मास्क हवाच, सागाचा भुसा घशात बसतो.

पॉलिश खालच्या बाजूलाही तेवढंच मार, नाहीतर एकच बाजू ओल पिते आणि फळी वाकते. जवसाचं तेल लावणार असशील तर तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नकोस हं, ते आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून ठेव.

पाय सुटे होणारे हवेत, एवढंच आत्ता लक्षात ठेव. फळी झाली की फोन कर, मग पायांचं बोलू.