साठीपुढचे डोळे आणि वेबसाईटचे रंग

'वेबसाईटला कुठला रंग द्यायचा?' असं आपल्या हॉस्टेलवर कुणालाही विचारून बघा. दहा रूममधून बारा उत्तरं येतील! रंगांतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझाही समज होता. तो एका फोननं उतरवला. त्याचीच ही गोष्ट आणि त्यातून शिकलेला धडा.

१९७५ च्या बॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून स्नेहमेळावा ठरला आणि त्याची वेबसाईट सरांनी माझ्याकडे दिली. बॅचचा फोटो पाहिला. सगळे पुरुष, आज सत्तरीच्या पुढचे. मी विचार केला, वयस्क पुरुष म्हणजे भडक काही नको, 'सोबर' हवं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी बारीक अक्षरं आणि वर गडद निळी पट्टी. रात्री दोन वाजता रूमवर सगळ्यांना दाखवली. "भारी दिसतंय," सगळे म्हणाले. झालं, टेस्टिंग संपलं!

या पाहुण्यांना राहायला त्यांच्या जुन्याच हॉस्टेलच्या खोल्या मिळणार होत्या. त्यासाठी एक पान केलं. रूम नंबर हिरवा असेल तर जागा आहे, लाल असेल तर भरली.

चार दिवसांनी एका सरांचा फोन आला. "बाळ, सगळ्या खोल्या गेल्या का रे?"

"नाही सर, चौदा शिल्लक आहेत. हिरव्या दिसतायत बघा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हसले. "मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही रे. जन्मापासूनच. सगळे आकडे एकाच मातकट रंगाचे दिसले, म्हटलं भरलं असेल. हॉटेलात राहून काय यायचं? नाहीच जायचं, असं ठरवलं होतं. पण राहवेना, म्हणून फोन केला."

मग त्यांनी सांगितलं, की ते इलेक्ट्रिकलचे. लॅबमध्ये रेझिस्टरवरचे पट्टे त्यांचा रूम पार्टनर हळूच वाचून दाखवायचा. "तपकिरी, काळा, लाल," की हे लिहिणार एक हजार ओहम. चार वर्षं असंच चाललं. मी यादी पाहिली. रूम नंबर ३७ मध्ये त्याच पार्टनरनं एक कॉट घेतली होती, दुसरी रिकामी होती. माझ्या दोन रंगांपायी ती रिकामीच राहिली असती.

त्या रात्री अभ्यासाला बसलो (परीक्षा नसताना!). जे समजलं ते थोडक्यात असं.

पहिली गोष्ट पुरुषांची. लाल-हिरव्याची गल्लत करणारा रंगांधळेपणा बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रातून येतो. स्त्रीकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण बारात एक आहे, तर स्त्रियांत दोनशेत एक. आपल्याकडे ते युरोपपेक्षा कमी आढळतं, पण शंभर पुरुषांच्या बॅचमध्ये दोन-चार जण निघणारच. मार्क झुकेरबर्गलाही लाल-हिरवा नीट दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, हे त्यानंच सांगितलंय. फेसबुक निळं आहे ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट वयाची. चाळिशी लागते तेव्हा जवळचं दिसेनासं होतं, हे आपण घरी पाहतोच. पण पुढे डोळ्याचं भिंगही पिवळसर होत जातं आणि ते निळा प्रकाश अडवतं. बाहुलीही लहान होते. विशीतल्या डोळ्याच्या मानानं साठीतल्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यामुळे गडद निळा आणि काळा सारखेच वाटू लागतात, फिकट राखाडी अक्षरं तर पांढऱ्यात विरघळूनच जातात.

आता गणित. वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमनं २००८ मध्ये दिलेल्या नियमांत कॉन्ट्रास्ट मोजायची रीत आहे. दोन्ही रंगांची तेजस्विता काढायची, प्रत्येकीत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागायचं. तेजस्वितेत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, हे कमाल. साध्या मजकुराला किमान ४.५ हवेत, मोठ्या अक्षरांना ३, आणि अधिक कडक पातळीसाठी ७.

माझा राखाडी होता #९९९९९९. उत्तर आलं २.८५, म्हणजे सपशेल नापास! #७७७७७७ घेतला तर ४.४८, तोही काठावर नापास. #५९५९५९ घेतल्यावर बरोबर ७ आले. आणि माझा लाल नि गडद हिरवा एकमेकांशी ताडून पाहिला, तर फक्त १.२८. म्हणजे रंगछटा ओळखू आली नाही, तर उजेडाच्या फरकावरूनही ते दोन वेगळे काढता येत नव्हते. सरांना ते सगळे मातकट दिसले यात नवल नव्हतं.

मग बदल केले. अक्षरं मोठी आणि जवळजवळ काळी. पार्श्वभूमी फिकट, कारण काळ्यावर पांढरी अक्षरं वयस्क डोळ्यांना पसरल्यासारखी दिसू शकतात. लिंक निळ्या, पण खाली रेघ मारून. खोल्यांसमोर रंगाबरोबर शब्द, 'जागा आहे' आणि 'भरली'. त्याच नियमांत लिहिलंय, की एखादी माहिती फक्त रंगावर सोपवू नये. तपासायला पैसेही लागत नाहीत. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कॉन्ट्रास्टचा आकडा मिळतो, आणि रंगांधळ्या माणसाला आपलं पान कसं दिसेल तेही बघता येतं. तेवढंही जमत नसेल तर स्क्रीन कृष्णधवल करून बघा. तरीही सगळं कळलं तर पान पास.

वयस्क पुरुषांना कुठला रंग 'आवडतो' हा माझा प्रश्नच चुकीचा होता. मरून घ्या, निळा घ्या, तो चवीचा भाग झाला. त्यांना काय दिसतं, हे आधी विचारायला हवं होतं. आणि ते आपल्या विशीतल्या रूममेटना विचारून कळत नाही. घरी बाबांना, आजोबांना पान दाखवा आणि गप्प बसून बघा ते कुठे अडतात.

स्नेहमेळाव्याच्या रात्री रूम नंबर ३७ चा दिवा बराच वेळ चालू होता. सकाळी चहाला दोघं एकत्र आले. माझ्याकडे बोट दाखवून सर पार्टनरला म्हणाले, "हाच तो. आता तुझी गरज नाही रे मला, यानं लिहूनच ठेवलंय."

पार्टनर म्हणाले, "शर्टाचा रंग कोण सांगणार मग? हिरवा समजून तपकिरी घालून आलायस!"