डब्यातलं पाणी जातं कुठं?

आमच्या येलदरीला रेल्वे नाही. सुट्टीत घरी जायचं म्हणजे परभणी जंक्शनला उतरायचं, स्टँडवरून जिंतूरची एस.टी. पकडायची आणि तिथून पुढे धरणाची गाडी मिळेपर्यंत चहा पीत बसायचं. पण पाण्याची एक सवय येलदरीच्या माणसाला जन्मापासून असते. पावसाळा सुरू झाला की घराघरात एकच प्रश्न, "आज किती टक्के?" पूर्णेवरचं हे धरण किती भरलं यावर खालच्या गावांचा रब्बी ठरतो आणि परभणी शहराचे नळही. त्यामुळे टाकी दिसली की ती किती मोठी, किती माणसांना पुरणार, हा हिशोब डोक्यात आपोआप सुरू होतो.

गेल्या दिवाळीला आम्ही पाचजण एका लांब पल्ल्याच्या गाडीनं निघालो. (गाडीचं नाव सांगत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.) स्लीपरचा डबा, बहात्तर बर्थ आणि माणसं सव्वाशे तरी. रात्री साडेनऊला नळ कोरडा. अकराला एका बाजूचं संडास तुंबलं, बाराला दुसरं. दाराशी बसलेली एक आजी रात्रभर पाणी प्यायली नाही. का, तर जायला लागू नये म्हणून. सकाळी परभणीला उतरताना तिला चक्कर आली. तिच्या लेकानं तिला बाकावर बसवलं, पाणी पाजलं, आम्ही आमच्या वाटेनं गेलो. पण ती आजी काही डोक्यातून जाईना. सुट्टीनंतर लायब्ररीत बसून जे वाचलं आणि जो हिशोब केला, तो इथे मांडतोय.

आधी पाणी येतं कुठून ते पाहू. आपण ज्यांना जुने निळे डबे म्हणतो, ते चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डिझाइनचे. त्यांच्या टाक्या वर, छताखाली, संडासाच्या डोक्यावर असतात आणि एका डब्यात साधारण १८०० लिटर पाणी मावतं. बहात्तर माणसांत वाटलं तर माणशी २५ लिटर. आता बहुतेक लांबच्या गाड्यांना लागलेले एलएचबी डबे मूळ जर्मन डिझाइनचे. त्यांची मुख्य टाकी डब्याखाली असते, १४०० लिटरच्या आसपास, आणि पंपानं पाणी वरच्या छोट्या टाकीत चढवतात. स्लीपरचे बर्थ मात्र ऐंशी झाले. म्हणजे माणशी साडेसतरा लिटर! डबा नवा आला, वेग वाढला, अपघातात एकमेकांवर न चढण्याची सोय झाली, हे सगळं खरंच आहे. पण पाणी माणशी कमीच झालं, आणि जे काम गुरुत्वाकर्षण फुकटात करत होतं ते आता पंप करतो. पंप बिघडला तर टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. तुम्ही "पाणी नाही" अशी तक्रार करता तेव्हा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि दोघांवरचा इलाजही वेगळा आहे.

शिवाय हा भागाकार बर्थवर केलेला आहे, माणसांवर नाही. आमच्या सव्वाशेंनी भागून बघा.

मग वाटेत पाणी भरत नाहीत का? भरतात, ठरावीक स्टेशनांवर. दोन रुळांच्या मध्ये जे नळ आणि रबरी पाइप दिसतात ते त्यासाठीच. आता गणित करू. वीस डब्यांची गाडी, टाक्या निम्म्या रिकाम्या, म्हणजे डब्याला ९०० आणि गाडीला १८,००० लिटर पाणी हवं. गाडी पाच मिनिटं थांबते. सगळे डबे एकाच वेळी भरायला घेतले तरी प्रत्येक पाइपातून मिनिटाला १८० लिटर यायला पाहिजे. आपल्या हॉस्टेलचा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर देतो, तोही मूड असला तर. आणि पाइप लावणारी माणसं चारच असतील, तर एकेकाच्या वाट्याला पाच डबे आणि डब्याच्या वाट्याला एक मिनिट. गाडी लेट असली की तेही मिनिट जातं. रेल्वेनं मोठ्या पंपांची जलद भरणी व्यवस्था काही स्टेशनांवर बसवली आहे आणि तिनं पूर्ण गाडी पाचेक मिनिटांत भरते. पण ज्या वाटेवर ती नाही तिथे रात्रीच्या कोरड्या नळाला दोषी कोण? मला तरी पाइपवाला माणूस दोषी वाटत नाही.

आता जास्त महत्त्वाचा भाग. पाणी जातं कुठं?

फार जुन्या काळी खालच्या वर्गाच्या डब्यांत संडासच नव्हते. १९०९ मध्ये अखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशानं साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक तक्रारपत्र लिहिलं. पोट बिघडलं म्हणून तो अहमदपूर स्टेशनला उतरला आणि तेवढ्यात गार्डनं शिट्टी देऊन गाडी सोडली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत तो पळाला आणि सगळ्या स्टेशनासमोर पडला. डब्यांत संडास आले त्यामागे हे पत्र असल्याचं सांगतात. आपण ते वाचून हसतो, पण मला त्या पत्रात आमच्या डब्यातली आजी दिसली. शंभर वर्षांत फरक एवढाच, की त्याच्या डब्यात संडास नव्हतं, तिच्या डब्यात होतं आणि वापरता येत नव्हतं.

जे संडास आले ते म्हणजे खाली भोक. सगळं थेट रुळावर. "गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये" ही पाटी आपल्या पिढीनंही वाचली आहे. सिव्हिलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. मैला आणि मूत्र पडून रुळाचा तळ आणि रुळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा गंजतात. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीनं फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात हा प्रश्न सुरक्षेचा म्हणून मांडला, नुसता स्वच्छतेचा म्हणून नव्हे. कारण क्लिपा तपासायला रुळावर वाकणारा माणूस त्या घाणीत वाकतो, आणि घाणीमुळे तपासणीच नीट होत नाही. आणि स्टेशनातले रुळ साफ कोण करत होतं? हातात झाडू आणि पत्रा घेतलेली माणसं. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आला, त्याच्या व्याख्येत रेल्वेच्या रुळांचाही उल्लेख आहे. ही कामं कुठल्या वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला आली हे मी वेगळं सांगायला नको.

यावर उपाय म्हणून जैव-शौचालय आलं. डीआरडीओ आणि रेल्वेनं मिळून ते विकसित केलं आणि २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसला ते पहिल्यांदा पूर्ण गाडीत बसवलं. गेल्या दशकाच्या शेवटापर्यंत जवळपास सगळ्या, म्हणजे सत्तर हजारांवर डब्यांना अडीच लाखांहून जास्त टाक्या बसल्या. जगात कुठल्याही रेल्वेनं इतक्या मोठ्या प्रमाणावर हे केलेलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

काम कसं चालतं? गावाकडच्या गोबरगॅससारखंच. संडासाखाली स्टेनलेस स्टीलची टाकी, आत आडव्या-उभ्या भिंती, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं विरजण. हे जिवाणू घन भाग फोडतात, त्याची आम्लं होतात, आम्लांचा शेवटी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो वायू हवेत जातो. उरलेलं पाणी क्लोरिनच्या गोळ्यांवरून जाऊन खाली रुळावर पडतं.

इथे एक शंका मला छळते. टाकी धरू या ४०० लिटरची. एका संडासामागे वीस माणसं, दिवसाला प्रत्येकी चार वेळा, दर वेळी मगासकट पाच लिटर पाणी. झाले ४०० लिटर. म्हणजे आलेलं पाणी टाकीत सरासरी एकच दिवस राहतं. गोबरगॅसला आपण शेण चाळीसेक दिवस देतो! घन भाग भिंतींमुळे जास्त काळ अडकून राहतो हे खरं, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही. पण २०१७ मध्ये आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासाची बातमी आली होती, की या टाक्या साध्या सेप्टिक टँकपेक्षा फारशा चांगलं काम करत नाहीत. रेल्वेला ते मान्य नव्हतं. केमिकलच्या सरांना मी हे गणित दाखवलं तर ते म्हणाले, "गणित बरोबर आहे, आता नमुना आणून बीओडी काढ." नमुना कोण आणणार!

त्याच वर्षी कॅगचा अहवाल आला. तपासलेल्या २५,०८० जैव-शौचालयांमध्ये २०१६-१७ या एका वर्षात १,९९,६८९ तक्रारी आणि दोष. म्हणजे एकेका संडासाला वर्षात आठ. त्यातल्या निम्म्याहून जास्त, १,०२,७९२, तुंबण्याच्या. जुन्या भोकाला तुंबणं माहीत नव्हतं, टाकलेलं सगळं रुळावर जायचं. नव्या टाकीच्या आधी पाणी अडवणारं वाकडं नळकांडं आहे. त्यात बाटली, गुटख्याची पुडी, सॅनिटरी पॅड, लेकराचा डायपर असं काहीही अडकतं. त्यात डब्यात कचऱ्याची पेटी भरून वाहतेय किंवा नाहीच, मग माणूस कुठं टाकणार? फिनेल आणि ॲसिड ओतलं तर जिवाणू मरतात ते वेगळंच. नुकत्याच नांदेडपर्यंत वाढवलेल्या मुंबईच्या वंदे भारतला विमानासारखी हवेनं ओढणारी संडासं आहेत, दर वेळी पाणी जेमतेम अर्धा लिटर लागतं. तसं स्लीपरला कधी मिळेल तेव्हा मिळेल.

आता आमचंच सांगतो, कारण ते लपवून हा लेख लिहिणं बरं नाही. त्या रात्री साडेअकराला मी १३९ ला फोन लावला. पुढच्या मोठ्या स्टेशनानंतर एक पोरगा आला. कंत्राटदाराचा, आमच्याच वयाचा, हातमोजा एकाच हातात. चालत्या गाडीतली सफाई साधारण सकाळी सहा ते रात्री दहापर्यंतच असते, म्हणजे त्याची ड्यूटी कधीच संपलेली होती. त्यानं लोखंडी तार वाकवून अर्धा तास खटपट केली आणि बाहेर काढली ती थंड पेयाची अर्ध्या लिटरची बाटली. ती बाटली आमच्यातल्याच एकाची होती. आम्ही पाचहीजणांनी ओळखली आणि पाचहीजण गप्प बसलो. पोरगा मला म्हणाला, "दादा, तक्रार बंद झाली म्हणून सांगा ना, नाहीतर माझ्या पगारातून दंड कापतात." मी सांगितलं. दुसऱ्या बाजूचं संडास तसंच तुंबलेलं होतं आणि नळाला पाणी नव्हतंच. कागदोपत्री मात्र आमचा डबा साफ झाला होता.

म्हणून तक्रार करताना नेमकं बोला. डब्याचा नंबर (एस-४ वगैरे नव्हे, बाहेर रंगवलेला पाच-सहा आकडी), कुठल्या टोकाचं संडास, पाणी नाही की पाणी आहे पण तुंबलंय. १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर, आणि मोठं स्टेशन यायच्या तासभर आधी. पाणी भरणाऱ्यांना निरोप जायला तेवढा वेळ लागतो. आणि अर्धं काम झालं असेल तर अर्धंच झालं म्हणून सांगा. मी सांगितलं नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. २०१७ मध्येच कॅगनं ७४ स्टेशनं आणि ८० गाड्या तपासून खाणं माणसाच्या खाण्यालायक नसल्याची उदाहरणं दिली होती, आणि ज्यानं पॅन्ट्रीचा डाळभात खाल्लाय त्याला अहवालाची गरज नाही. ब्लँकेटं महिन्यातून किमान एकदा धुतात असं २०२४ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. ती एसीवाल्यांची काळजी, आपण घरची चादर नेणारी माणसं. पण आपल्याच वाटेवरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटर धावते आणि तिच्या प्रवाशांना परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, फुकट, जनरलपासून एसीपर्यंत सगळ्यांना सारखंच. जाणकार प्रवासी घरून ताट-डबा घेऊनच चढतात. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत खिडकी-खिडकीला कढी-खिचडी नाहीतर भाजी-पोळी पोचते. पाणी भरायला वेळ पुरत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाढप एकदा उभं राहून बघावं. माणसं आधीपासून प्लॅटफॉर्मवर जागा वाटून उभी असतात, एवढंच त्यातलं तंत्र.

ई अँड टीसीच्या पोरांना एक सुचवतो. डब्यातली टाकी किती भरली आहे हे आत बसलेल्याला कुठंच दिसत नाही. धरणाची टक्केवारी अख्ख्या जिल्ह्याला रोज कळते आणि डोक्यावरच्या टाकीची कळत नाही! तरंगता गोळा, एक सेन्सर, दारावर तीन दिवे, पुढच्या भरणी स्टेशनला एक मेसेज. फायनल इयरच्या प्रोजेक्टला पुरेल एवढं काम त्यात आहे. मी आणि बाटलीवाला मित्र (हो, तोच) दोघंजण तयार आहोत. रेल्वे आपल्याला डबा देणार नाही, म्हणून पहिली चाचणी बी-ब्लॉकच्या गच्चीवरच्या टाकीवर घेऊ. तिचं पाणीही सकाळी साडेआठला संपतं, आणि ते जातं कुठं हे रेक्टर सरांनाही माहीत नाही.